हॅम रेडिओ क्लब बंद करा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘हॅम रेडिओ हा मेलेला छंद आहे, त्याचे क्लब आता बंद करा’ असे सांगणारा एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या रेडिओ संचावरून हौसेने इतरांशी संपर्क साधणे, आणि ते करणाऱ्यालाही ‘हॅम’च म्हणतात. माझी भाची सध्या हॅमच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, तो संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मग हिने यात वेळ कशाला घालवायचा?’ प्रश्न रास्त आहे. संदेश मात्र अत्यंत बेजबाबदार आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: परवान्यासाठी मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी) शिकावे लागते आणि यंत्रांना लाखो रुपये लागतात, मोबाइल आणि सॅटेलाइट फोन आल्यावर आपत्तीत हॅमची गरज उरलेली नाही, हौसच असेल तर एखादा स्वस्त चिनी वॉकीटॉकी घ्यावा, त्याला परवाना लागत नाही, जगभर हॅमची संख्या घटते आहे, आणि क्लबमध्ये तरुण येत नाहीत, तेव्हा एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे. क्लबच्या कामात अनेक वर्षे असलेल्या माणसाने यावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

मोर्सचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. भारतात परवान्याच्या दोन श्रेणी आहेत, आणि त्यांपैकी ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीच्या परीक्षेत मोर्स नाही. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम एवढ्यावरच प्रश्न असतात. अर्ज मंजूर होऊन कॉलसाइन, म्हणजे प्रत्येक हॅमला मिळणारे स्वतंत्र ओळखचिन्ह, हातात पडायला वेळ लागतो, हे मात्र मी मान्य करतो. लाखो रुपयांचे म्हणणे असेच अर्धवट आहे. महागडे रिग, म्हणजे रेडिओ संच, बाजारात आहेतच, परंतु हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला ‘बिटएक्स’ हा ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा एकच संच) मुळात सहज मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून घरी जोडता यावा म्हणूनच तयार झाला, आणि आज जगभरातले हॅम तो स्वतःच्या हाताने बांधतात. स्विचिंगसाठी बनवलेला आयआरएफ ५१० सारखा स्वस्त मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरून काही वॉट शक्तीचा सिग्नल देश ओलांडून नेता येतो, हे ज्याने स्वतः सोल्डरिंग करून अनुभवले आहे, त्याला ‘हा श्रीमंतांचा छंद’ हे वाक्य पटणार नाही.

आपत्तीच्या मुद्द्यावर २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवावी. त्या दिवशी अंदमानवर त्सुनामी आदळली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. नेहमीची संपर्कसाधने कोलमडली असताना त्यांनी छंदाचे काम थांबवून तोच संच मदतीच्या कामाला लावला. मुख्य भूमीवरच्या हॅमशी संपर्क साधून बेटांवरचे निरोप बाहेर पोहोचवले आणि पुढे कार निकोबारवरही केंद्र उभे केले. संदेशाच्या लेखकाने हे ऐकले असेलही, पण त्यातला महत्त्वाचा भाग त्याच्या ध्यानात आलेला नाही. ही मंडळी आपत्तीची वाट पाहत तिथे बसलेली नव्हती. हॅमच्या नकाशावर दुर्मीळ मानल्या जाणाऱ्या बेटांवरून जगभरच्या स्थानकांशी बोलण्यासाठी, म्हणजे निव्वळ हौसेसाठी, ती तिथे गेली होती. अँटेना उभी होती, रिग चालू होता, कोणत्या वेळी कोणत्या बँडवर, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यात, कुठपर्यंत ऐकू जाते याचा अंदाज रोजच्या सरावातून आलेला होता, आणि म्हणूनच ती उपयोगी पडली. ‘आपत्ती वर्षानुवर्षे येत नाही, मग क्लब कशाला’ या प्रश्नाचे उत्तर त्या एका घटनेत आहे.

आणि मोबाइलचे म्हणाल, तर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवरच्या लोकांना विचारावे. वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर चालतो, आणि ते संपले की हातातला फोन निरुपयोगी होतो. सॅटेलाइट फोन उत्तम साधन आहे, परंतु आपल्या देशात तो पूर्वपरवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे सामान्य माणसासाठी तो पर्यायच नाही.

आता ज्या मुद्द्यामुळे मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. ‘चिनी वॉकीटॉकीला परवाना लागत नाही’ हे विधान खोटे आहे आणि ते वाचून एखादा मुलगा खरोखर अडचणीत येऊ शकतो. अत्यल्प शक्तीच्या, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यात चालणाऱ्या ठरावीक संचांना आपल्याकडे परवान्यातून सूट आहे, आणि बहुधा तेवढ्याच सुटीवरून हे विधान रचले गेले असावे. संदेशात ज्या संचांची शिफारस आहे ते मात्र साधारण पाच वॉटचे असतात आणि १३६ ते १७४ तसेच ४०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात, कळफलकावर आकडे दाबून, कुठेही प्रक्षेपण करू शकतात. भारतात हॅमसाठी त्यांतला १४४ ते १४६ एवढा भाग दोन मीटरच्या बँडचा आहे. उरलेल्या पट्ट्यात पोलीस, अग्निशमन, रेल्वे, बंदरे अशा कितीतरी सेवांचे काम चालते. हे संच वापरतात त्या एफएममध्ये एकाच वारंवारतेवर दोन सिग्नल आले, तर रिसीव्हर त्यांतला जोरकस सिग्नल पकडतो आणि दुबळा सिग्नल जवळपास पूर्ण नाहीसा होतो. म्हणजे डोंगरावर ट्रेकला गेलेल्या पोरांनी गंमत म्हणून बटण दाबले आणि त्याच वेळी खाली कुणी जवान मदत मागत असला, तर त्याचे बोलणे दबून जाईल, आणि ऐकणाऱ्याला आपले काही ऐकायचे राहिले हे कळणारही नाही. उंचीवरून असा सिग्नल कित्येक किलोमीटर जातो. याच धोक्यापोटी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची नीट माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. हॅमच्या परीक्षेत नियमांचा स्वतंत्र भाग का आहे, हेही यावरून समजावे. हा संदेश ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी निदान हा एक मुद्दा चुकीचा असल्याचे त्याच ग्रुपवर कळवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संख्या घटण्याविषयी मात्र संदेशात तथ्य आहे. जपानमध्ये १९९५ च्या सुमारास साडेतेरा लाखांच्या आसपास हॅम स्थानके होती, ती आज चार लाखांच्या खाली आली आहेत. आपल्याकडेही अनेक क्लबांच्या सभांना तेच ते चेहरे दिसतात. पण एवढ्यावरून हा छंद जुनाट झाला, असे होत नाही. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह २०१७ मध्ये ‘एफटी८’ ही पद्धत आणली, तिच्यात पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने आणि केवळ ५० हर्ट्‌झ रुंदीत, कानाला ऐकूही न येणारे सिग्नल संगणक वाचतो. शहरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत तार बांधणाऱ्याला यामुळे परदेशातली स्थानके मिळू लागली.

राहिला क्लबचा प्रश्न. तरुण येत नाहीत हे अर्धेच सत्य आहे. ते येतात, आणि टिकत नाहीत. परीक्षा होईपर्यंत क्लब शिकवणी घेतो, कॉलसाइन मिळाले की पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर तो मुलगा रिपीटरवर, म्हणजे उंचावरून सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या सामायिक केंद्रावर, चाचरत पहिला कॉल देतो तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसते, किंवा असलेच तर चूक काढून गप्प करणारे कुणी असते. मासिक सभेत इतिवृत्त, वर्गणी आणि पदाधिकाऱ्यांची जुनी भांडणे ऐकून तो तिसऱ्या वेळी येत नाही. यात दोष मोबाइलचा नाही, आमचा आहे, आणि तो दूर करणे आमच्या हातात आहे.

जिथे मुलांच्या हाताला काम मिळते, तिथे ती थांबतात, हे मी पाहिले आहे. हार्डवेअरच्या दुकानातली पोलादी मोजपट्टी कापून, पीव्हीसी पाइपवर होज क्लॅम्पने बसवून तीन एलिमेंटची यागी (एका दिशेला रोखता येणारी) अँटेना एका दुपारी तयार होते. त्याच संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची फेरी असली, तर मुले ती हातात धरून आकाशात फिरवतात आणि १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर काही येते का ते ऐकतात. पुढच्या रविवारी तीच अँटेना घेऊन टेकडीवर दडवलेला छोटा ट्रान्समीटर शोधायची ‘फॉक्स हंट’ घेता येते. आठवड्याची नेट, म्हणजे सगळ्यांनी रेडिओवर हजेरी लावण्याची बैठक, ठरल्या वेळी व्हावी आणि तिचे नियंत्रण दर वेळी वेगळ्या सदस्याकडे, मुद्दाम नवख्याकडे, द्यावे. प्रत्येक नव्या कॉलसाइनमागे एक जुना हॅम नेमावा, आणि पहिले काही क्यूएसओ (रेडिओवरचे संवाद) त्याच्या सोबतीने व्हावेत. सभेत आधी सोल्डरिंग आणि मग इतिवृत्त, असा क्रम ठेवला तरी फरक पडतो.

यातले काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर होऊ शकत नाही. ग्रुपवर निरोप देता येतात, छायाचित्रे टाकता येतात आणि आमचा क्लबही ते करतोच. परंतु तो ग्रुप ज्या जाळ्यावर चालतो, ते बंद पडल्यावर काय करायचे याचाच तर हा सराव आहे. शिवाय टेकडीवरचा रिपीटर कुणा एकाच्या मालकीचा नसतो. त्याची बॅटरी पावसाळ्याआधी तपासावी लागते, कोॲक्स केबलच्या जोडात पाणी शिरले की अँटेना उतरवून नवा कनेक्टर बसवावा लागतो, आणि त्यासाठी सामान पाठीवर घेऊन वर चढणारी चार माणसे लागतात. पोर्ट ब्लेअरला संच आधीपासून चालू होता. आपल्या जिल्ह्यात तो चालू ठेवायचा असेल, तर ही चार माणसे एकमेकांना ओळखणारी आणि एकत्र काम केलेली असली पाहिजेत, आणि ती क्लबातच तयार होतात. भावोजींनी भाचीला परीक्षेला बसू द्यावे, आणि कॉलसाइन मिळाले की आमच्या नेटवर पहिला चेक-इन करायला सांगावे. तिला उत्तर देण्याची जबाबदारी क्लबची.