फक्त अडीच हजार महिना

नवरात्राला पंधरा दिवस होते. आमचे अकरावीतले चिरंजीव जेवताना म्हणाले, "बाबा, फोन साठ हजारांचा आहे, पण आपल्याला फक्त अडीच हजार महिना पडेल. दोन वर्षं. नो कॉस्ट ईएमआय." त्या 'फक्त'ने माझं टाळकं सटकलं. अंथरूण पाहून पाय पसरावे वगैरे सुरू केलं, तर पठ्ठ्या म्हणतो, "अंथरूण पण हप्त्यावर मिळतं आता."

भाषण तिथंच आटोपलं.

त्याला धडा दिला तो समोर राहणाऱ्या त्याच्या मित्राने. घर गुजराती, बडोद्याच्या मंगळ बाजारात कापडाचं दुकान, पोरगा सुट्टीत गल्ल्यावर बसतो. दोघं फोन बघायला गेले तेव्हा त्याने दुकानदाराला एवढंच विचारलं, "रोकडा आपीए तो केटला ओछा?" म्हणजे रोख दिले तर किती कमी? साडेतीन हजार कमी, दुकानदार म्हणाला. म्हणजे बिनव्याजी हप्त्याचं व्याज हेच, फक्त किमतीत दडवलेलं. वर प्रोसेसिंग फी निराळी. शून्य टक्के व्याज नावाची गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय. आमच्या घरात दोन पदवीधर असून ते पोराला कळलं गल्ल्यावरच्या मित्राकडून.

बडोद्यातल्या आम्हा नोकरदार मराठी लोकांचा हा जुना दोष. पैशाचं बोलणं मुलांसमोर नको. पगार किती, कर्ज किती, सगळं दार लोटून. याच गावात मराठी मध्यमवर्गीयांनी १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य ही परस्परांना कर्ज देणारी सहकारी मंडळी काढली होती. ओळखीच्या माणसासमोर बसून कर्ज मागायचं म्हणजे आधी दहादा विचार व्हायचा. आता अंगठा लावला की झालं, लाजायला समोर कोणी नसतंच.

मग त्या रात्री मी कपाटातून गृहकर्जाची फाइल काढली. वीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता १७,३५६. पहिल्या महिन्याची ओळ त्याला वाचायला लावली: व्याज १४,१६७, मुद्दल ३,१८९. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून बसला. मग मोबाइलवर गुणाकार केला. एक्केचाळीस लाख पासष्ट हजार. "बाबा, आपण दोन घरं घेतोय?"

पुढचं सांगायला मला जड गेलं. करोनानंतर एकदा क्रेडिट कार्डावर चाळीस हजार थकले होते आणि मी शहाणा, बिलावरची 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरायची रक्कम भरून निवांत झोपलो होतो. व्याज महिना साडेतीन टक्के. भरले दोन हजार. त्यातले चौदाशे व्याजात, २५२ त्यावरच्या जीएसटीत. कर्ज उतरलं ३४८ रुपयांनी. हे बायकोलाही तेव्हा सांगितलं नव्हतं. ती शेजारीच मटार सोलत होती. तिचा हात थांबला. त्यावर नंतर आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही.

पण पोराने ऐकलं ते तेवढंच. बापाची फजिती त्याला पटली. म्हणी आजवर कधी पटल्या नव्हत्या.

काही मित्र म्हणतात, या वयात कशाला डोक्याला ताप? अहो, हेच वय. अठराच्या आत केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून सध्या त्याला कोणी विचारत नाही. अठरा पूर्ण झाली की 'आत्ता घ्या, नंतर भरा'वाले मागे लागतील. एक हप्ता चुकला तरी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद होते, आणि पुढे काही वर्षांत कर्ज मागायला गेलं की ती समोर येते. माझ्याकडे दोन वर्षं आहेत. आणि कर्ज वाईटच असं मी त्याला शिकवणार नाही; कर्ज नसतं तर आम्ही अजून भाड्याच्या दोन खोल्यांत असतो. विकत घेतलेलं वापरून संपलं तरी हप्ता संपलेला नसेल, असं कर्ज नको, इतकंच.

गरबा त्याने तडा गेलेल्या जुन्या फोनवरच काढला. डब्यात सध्या ११,४०० जमलेत, नवा फोन हवाच आहे. काल आईकडे तीनशे उसने मागितले. तिने दिले, आणि कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलं: चि. ३००, पाच तारखेला.