‘हिशेब दाखवा, परत न्या’ : जप्तीविषयीचे अर्धसत्य

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूर भागात सध्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. नव्या कायद्याने जप्ती गुन्हेगाराचीच होते, सरळमार्गी माणसाला हिशेब दाखवताच सारे परत मिळते आणि जप्तीचे निकष कडक करा म्हणणारे चोरांना पाठीशी घालतात, असा त्याचा आशय आहे.

यातले पहिले विधानच चुकीचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचे, कलम १०७ दोषसिद्धीची वाट पाहत नाही. मालमत्ता गुन्ह्यातून आली आहे असे मानण्यास न्यायालयाला कारण दिसले की नोटीस निघते, १४ दिवसांत उत्तर न आल्यास एकतर्फी आदेश होऊ शकतो आणि पुढे जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत ती रक्कम पीडितांमध्ये वाटायची असते. उरेल ते सरकारजमा होते.

हिशेबाचे म्हणाल, तर खानापूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याने गावातल्या गावात म्हैस रोखीने विकली, तर त्याच्याकडे कागद कुठला असणार? कन्नडमधली नोटीस आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायची, मग बेळगावात वकील गाठायचा, म्हैस घेणाऱ्याला प्रतिज्ञापत्रासाठी राजी करायचे, एवढ्यातच मुदत सरते. ‘परत मिळते’ हा समज बहुधा निवडणुकीत महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी तपासणी नाक्यावरून आला असावा. तिथे पकडलेल्या रोकडीसाठी निवडणूक आयोगाने जिल्हा समितीची सोय केली आहे आणि गुन्हा दाखल नसेल, तर मतदानानंतर ७ दिवसांहून अधिक काळ प्रकरण रखडवता येत नाही. कलम १०७ मध्ये अशी सोय नाही.

निकष कडक केले तर चोर सुटतील, ही भीतीही निराधार आहे, कारण नोटिशीने हेतूच फसणार असेल तर आधी अंतरिम जप्ती करण्याचा अधिकार याच कलमात आहे. मालमत्ता गोठवायला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती खटला संपण्याआधी वाटून टाकण्याला. मनी लाँड्रिंगविरोधी कायद्यात सिद्धतेचा भार आरोपीवर टाकला आहे, त्यामुळे तो आदर्श नव्हे. तरी गुन्हा घडला नाही असे ठरल्यास मालमत्ता मुक्त करण्याची तरतूद त्यातही आहे. कलम १०७ निर्दोष सुटलेल्याविषयी अवाक्षर काढत नाही. अमेरिकेने २००० साली अशा दिवाणी जप्तीत पुराव्याचा भार सरकारवर टाकला, तर तिथल्या न्यू मेक्सिको राज्याने २०१५ मध्ये दोषसिद्धीवाचून होणारी जप्ती बंदच केली. आपल्याकडेही वाटप दोषसिद्धीनंतरच व्हावे आणि तोवर ती रक्कम न्यायालयाच्या ताब्यात राहावी, एवढी दुरुस्ती संसदेने तातडीने करायला हवी.