श्रीखंडाच्या डब्यातले सेल

आमच्या घरात सेल टाकून द्यायची पद्धत नाही. माणसं रिटायर होतात, टीव्ही बदलतो, फ्रीज एक्स्चेंजमध्ये जातो, पण सेल एकदा उंबरा ओलांडून आत आला की तो घरचाच. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये श्रीखंडाचा एक डबा आहे, त्यात पेन्सिल सेल, छोटे पेन्सिल सेल, दोन मोठे गलेलठ्ठ सेल, वजनकाट्यातनं निघालेला बटण सेल असं सगळं एकत्र कुटुंब नांदतंय, आणि त्यातला नवा कोण, अर्धा कोण आणि कधीच वारलेला कोण हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही.

याला कारण आप्पा, म्हणजे आमचे वडील. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीतली लाईट गेली ती गेलीच, एकेका मोबाईलनं मान टाकली, आणि त्या सगळ्या अंधारात आप्पांची दोन सेलांची स्टीलची बॅटरी तेवढी चालू राहिली. तेव्हापासून सेल म्हणजे देव. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की अख्खं कोल्हापूर फुटाफुटाचा हिशोब करत बसतं, आप्पा डबा काढून सेल मोजत बसतात. कुठला टाकायला काढला की, "असू दे की रे, पुराला उपयोगी पडतंय." आता मेलेला सेल पुराला कसा उपयोगी पडतो हे विचारायची टाप कुणाची नाही.

तर रिमोट बंद पडतो. तो नेहमी जाहिरातीचा आवाज फुल्ल असतानाच बंद पडतो, ते एक असो. मग घरातला प्रत्येकजण आपापलं शास्त्र घेऊन पुढं येतो.

आप्पांची पद्धत टप्प्याटप्प्यानं जाते. आधी रिमोटला मागनं दोन थापडा, मग झाकण काढून सेल जागच्या जागी अंगठ्यानं गोल फिरवायचे (हे खरंच चालतं बरं का, पट्टीवरची घाण घासली जाते आणि करंट पोचतो), मग दोघांच्या जागा बदलायच्या, ज्याचा उपयोग अजून कुणाला कळलेला नाही, आणि शेवटी सेल दाढेखाली. हो, चावायचा. आमच्या डब्यातल्या निम्म्या सेलांवर आप्पांच्या दातांचे ठसे आहेत. साध्या सेलचा पत्रा जस्ताचा असतो आणि तोच आतनं झिजून वीज तयार होत असते, त्यामुळं जुन्या सेलचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो, चावताना फुटला तर आतलं सगळं तोंडात, पण हे आप्पांना सांगितलं की ते म्हणतात, मी चावतोय तेव्हा तुझा जन्म पण झाला नव्हता. चावूनही चालला नाही तर मग गच्चीवर, पापडाच्या शेजारी, उन्हात. आणि वैताग असा की संध्याकाळी तो सेल खरंच चालतो! गरम झाला की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, शिवाय दिवसभर पडून राहिल्यावर सेल थोडाफार सावरतोच. तासाभरात पुन्हा झोपतो ही गोष्ट वेगळी, पण तोपर्यंत आप्पांचा विजय सगळ्या गल्लीत जाहीर झालेला असतो.

आईचं मत वेगळं. "आण इकडं, मी घड्याळात घालून बघतो," असं म्हणून ती स्टुलावर चढते. भिंतीवरचं घड्याळ इतकं कमी खातं की रिमोटनं हाकललेला सेल तिथं महिनेच्या महिने सुखानं काम करतो, त्यामुळं आईच्या हातात आलेला प्रत्येक सेल पास. आमच्याकडं सेलची बदली ठरलेली आहे, आधी पोराच्या गाडीत, गाडी रांगायला लागली की रिमोटमध्ये, रिमोट मुका झाला की घड्याळात. आणि घड्याळातला सेल पण संपत आला की तो बंद पडत नाही सरळ, सेकंद काटा नवाच्या आसपास अडकतो कारण तिथं चढ असतो ना, आणि टक टक टक करत एकाच जागी उड्या मारत राहतो, पुढं जातोय असं वाटतं पण जात नाही. आमच्या हॉलमध्ये तो असा बरेच दिवस उड्या मारत होता, आणि घरातलं कुणीही, मी धरून, घड्याळ बंद आहे असं म्हणायला तयार नव्हतं. चालतंय की, हलतंय बघ!

चिरंजीवांचं शास्त्र यूट्यूबवरचं. सेल उभा धरून फरशीवर सोडायचा, धप्पकन पडून बसला तर भरलेला, टणकन उडाला तर संपलेला. मला वाटलं थापा आहेत, पण नाही, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 2015 मध्ये लोकांनी यावर रीतसर अभ्यास केलाय. अल्कलाईन सेलमध्ये आत जस्ताची ओली पेस्ट असते, सेल वापरला की त्या जस्ताचं ऑक्साईड होत जातं आणि ते कण एकमेकांत जोडले जाऊन आतला माल घट्ट होतो, म्हणून उडतो. पण गोची अशी की सेल साधारण निम्मा संपेपर्यंतच उडी वाढते, नंतर अर्धा काय आणि पूर्ण रिकामा काय, सारखेच उडतात. म्हणजे उडाला तर एवढंच कळलं की नवा नाही, आणि डब्यातला कुठलाच सेल नवा नाही हे आम्हाला फरशीवर न आपटता पण माहीत होतं. त्यात आमच्याकडं साधे सेल आणि अल्कलाईन यांची मिसळ. साध्याला हा नियम लागू नाही. चिरंजीवांनी तरी पण अख्खा डबा आपटून काढला आणि खालचे काका दुपारच्या झोपेतनं उठून वर आले, काय फुटलंय का म्हणून बघायला.

बायकोनं मोबाईलचा कॅमेरा लावला आणि रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. रिमोटच्या टोकाचा लाईट डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्यात जांभळट चमकतो, मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघायचं. चमकला नाही. "सेल गेलेत. नवीन आणा." एवढंच बोलून ती आत गेली. घरात एकमेव शहाणी ती, त्यामुळं तिचं कुणीच ऐकलं नाही.

मी मल्टिमीटर आणला. लक्ष्मीपुरीतनं, स्वस्तातला पिवळा. आता व्होल्टमध्ये बोलू म्हटलं. नवा अल्कलाईन सेल 1.6 च्या आसपास दाखवतो, आमच्या डब्यातले बरेचसे 1.4 दाखवायला लागले, आप्पा खूश, "बघ, मी म्हणत नव्हतो!" आणि तेच सेल घातल्यावर रिमोट ढिम्म.

मग मेव्हण्याला फोन. तो उद्यमनगरात कामाला आहे, मशीन दुरुस्त करतो. तो म्हणाला, "दाजी, तालमीच्या कट्ट्यावर बसलेलं प्रत्येक पोरगं पैलवानच दिसतंय, लाल मातीत उतरवा मग कळतंय." म्हणजे असं की मीटर सेलकडनं जवळजवळ काहीच करंट मागत नाही, नुसता बसलेला सेल ऐटीत 1.4 सांगतो. त्याच्यावर लोड टाकायचा, म्हणजे दहा ओहमचा रेझिस्टर जोडायचा, त्यानं साधारण दीडशे मिलिअँपिअर ओढले जातात, आणि तेव्हा मीटर बघायचा. जो 1.4 वरनं भसकन एकच्या खाली आला तो आतनं पोकळ. जुना झाला की सेलचा आतला विरोधच वाढतो, म्हणून काम सांगितलं की व्होल्टेज पाडून घेतो. (ऑफिसातली काही माणसं डोळ्यासमोर आली, नावं नकोत.)

झालं, रविवार सेलांच्या परीक्षेत गेला. आप्पा एकेक सेल देणार, मी रेझिस्टर लावणार, चिरंजीव वहीत मार्क लिहिणार. मध्येच एक 1.25 वाला निघाला, आप्पांनी तो बिनलोडचाच नापास करून बाजूला फेकला, मी म्हटलं अहो थांबा, तो चार्जिंगचा आहे, त्याची पट्टीच 1.2 ची, तो भरलेला असला तरी साधारण एवढंच सांगतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तिथंच चिकटून राहतो. आप्पा म्हणाले, मग त्याला तपासून फायदा काय? याला उत्तर नाही. नव्वदच्या दशकात ड्युरासेलनं सेलच्या अंगावरच पट्टी दिली होती म्हणे, दोन ठिपके दाबले की ती गरम होऊन रंगानं किती उरलाय ते दाखवायची, आणि गरम व्हायला चार्ज त्याच सेलचा खायची. हे ऐकून आप्पा हादरले. तपासायला सेल खर्च करायचा? हा शुद्ध उधळेपणा!

आणि पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. ज्यांना नापास केलं होतं ते सगळे वाढीव मार्कांनी पास व्हायला लागले. 1.6. 1.7. एक दात लागलेला, गंज चढलेला, कुठल्या काळातला सेल तर 1.9 म्हणाला. आप्पांनी आईला हाक मारली, खालच्या काकांना हाक मारली, उन्हात वाळवायच्या पद्धतीवर छोटंसं भाषण झालं, आणि मला पण क्षणभर वाटलं, कोल्हापूरच्या उन्हात काहीतरी हाय बाबा. मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याचा उलट मेसेज आला, "स्क्रीनच्या कोपऱ्यात बघा, बॅटरीचं चित्र आलंय. मीटरचा सेल संपलाय." या स्वस्त मीटरांचं असंच असतं, पोटातली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की ज्या मापाशी तुलना करायची तेच खाली घसरतं, आणि समोरचा जेवढा असेल त्यापेक्षा मोठा दिसायला लागतो.

बातमी आप्पांना सांगितली नाही. गुपचूप लक्ष्मीपुरीत गेलो, चौकोनी बॅटरी मागितली, आणि एवढं सगळं शिकून झाल्यामुळं दुकानदाराला जरा ऐटीत म्हटलं, "लोडवर चेक करून द्या हं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, खोक्यातनं एक बॅटरी काढली, दोन्ही टोकं सरळ जिभेला लावली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "एकदम ताजी हाय, घ्या."

"काका, दुसरी द्या की, चाटली नसलेली."

"दुसरी पण बघूनच देतो की," म्हणाले, आणि जीभ बाहेर काढली.