मोठ्या लिलावात विकलं म्हणजे नाणं निर्धोक?

मावशीने काल एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "घेऊ का रे?" त्यातला दावा असा: लंडनला ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्याचं, ब्रूटसचं, सोन्याचं रोमन नाणं ३० कोटींच्या वर गेलं, नामांकित लिलावातल्या नाण्याची मालकी तपासलेलीच असते, जुनं नाणं महाग होतच जातं, तेव्हा आमची रोमन नाणी आजच घ्या, नोंदणीचे पैसे आधी भरा. हा मेसेज अजून किती जणांच्या मावश्यांकडे गेला असेल!

किमतीचं खरं आहे, ते नाकारता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये रोमा न्युमिस्मॅटिक्सच्या लिलावात बोली २७ लाख पौंडांवर थांबली. २० टक्के खरेदीदार-शुल्क धरून ३२ लाख ४० हजार पौंड झाले.

पण पुढचं मेसेजमध्ये का नाही? कॅटलॉगात ते नाणं एका बॅरनच्या, म्हणजे युरोपातल्या सरदाराच्या, संग्रहातलं म्हणून छापलं होतं. ही नोंद बनावट निघाली. जानेवारी २०२३ मध्ये या लिलावगृहाचे मालक रिचर्ड बील यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, ऑगस्टमध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. मधल्या मार्चमध्ये मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (सरकारी वकील) कार्यालयाने ते नाणं इतर पुरावस्तूंसह ग्रीसच्या स्वाधीन केलं. म्हणजे मेसेजवाल्यांनी ज्या नाण्याचा दाखला दिला, त्याच नाण्याने त्यांचा दावा खोटा पाडला. कॅटलॉगातली ओळ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. नाणं कुठे सापडलं, देशाबाहेर कधी आणि कोणत्या परवान्यावर गेलं, याचे कागद मागायचेच, समोर कितीही मोठं नाव असो.

जुनं म्हणजे महाग, हेही धादांत खोटं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली झिजलेली तांब्याची नाणी आजही थोडक्या पौंडांत मिळतात, कारण ती अफाट संख्येने पाडली गेली. ब्रूटसच्या या सोन्याच्या नाण्याचे मात्र जगात तीनच नमुने माहीत आहेत. एका बाजूला ब्रूटसचा चेहरा. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधोमध मुक्त गुलामाची टोपी आणि खाली १५ मार्चची, सीझरच्या खुनाची तारीख. मारेकऱ्यानेच खुनाचा अभिमान नाण्यावर मिरवला, पैसे त्याचे पडतात.

आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्याने त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. मेसेजमध्ये परवान्याचा उल्लेखही नाही. आधी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्या जुन्या नाण्यांच्या व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं होतं.

मावशी, त्यांनी पाठवलेला फोटो मोठा करून कडेकडे बघ. गोल फिरलेली बारीक रेष दिसते ना? रोमन सोन्याची नाणी ठशांमध्ये ठोकून पाडत. अशी रेष बहुधा साच्यात ओतलेल्या नकलेवर येते. एक पैसाही भरू नकोस, आणि तो नंबर ब्लॉक कर.