इनारीच्या दारी

क्योटोच्या फुशिमी इनारी देवळात शिरल्याबरोबर मी चप्पल स्टँड शोधला. तो नव्हताच. मोज्यांवर उभ्या असलेल्या मला बघून ही म्हणाली, "अहो, बूट घाला! इथे कुणी काढत नाही."

मग हात धुण्याचा विधी. उजव्या हातात लांब दांड्याचं ओगराळं धरून डाव्यावर पाणी घालायचं, मग डाव्यात धरून उजव्यावर. नंतर डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरायची आणि शेवटी ओगराळं उभं करून त्याचाच दांडा धुवायचा. सगळं एकदा भरलेल्या पाण्यात! हॉटेलात हिनं माझी तीनदा तालीम घेतली होती. पण तळव्यात गार पाणी पडलं, समोर देऊळ दिसलं आणि पन्नास वर्षांची सवय जागी झाली. पाणी प्यायलो नि ओला हात डोक्यावरून फिरवला. शेजारच्या जपानी आजींनी अदबीनं मान दुसरीकडे वळवली.

पेटीत पाच येनचं भोकवालं नाणं टाकलं. 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि ऋणानुबंधही, म्हणून हेच टाकतात. स्वस्तातला देव, मला आवडला. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. पण आरतीत वाढलेले हात दोन टाळ्यांवर थांबतात होय? पाचवीला हिनं मनगट धरलं.

इनारी भाताचा आणि व्यापाराचा देव, कोल्हे त्याचे दूत. एकाच्या तोंडात कोठाराची किल्ली होती. पुढे डोंगरभर शेंदरी कमानींची रांग. परतणाऱ्यांना दिसेल अशा बाजूला प्रत्येक कमानीच्या खांबावर देणगीदाराचं नाव! देऊळ 711 सालचं, पण तेवढ्यानं मला एकदम गावच्या देवळाच्या पायऱ्यांवर आल्यासारखं वाटलं.

कमानींचा पहिला दाट टप्पा संपला की दगडी कंदिलांची जोडी लागते. इच्छा धरून कंदिलावरचा दगड उचलायचा. वाटला होता त्यापेक्षा हलका लागला तर इच्छा पुरी होणार. मी मागितलं, "आता इथूनच परत फिरू दे." आणि हुशारी म्हणून, दगड भरलेल्या सिलिंडरइतका जड असणार असं मनाशी ठरवलं. उचलला. कमरेत उसण भरली.

हिनं तोच दगड सहज उचलला. "अय्या, हलका आहे की!"

"काय मागितलंस?"

"तुम्ही शिखरापर्यंत चढावं म्हणून."

शिखर 233 मीटरवर आहे.