मेंढरू जवळून पाहिलंय, भाऊ

'हरवलेलं सापडल्यावर देवाला होणारा आनंद' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेख येशूच्या दाखल्यावर होता: शंभरांतलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून ते शोधायला जातो. तुम्ही म्हणता, 'एकासाठी नव्याण्णव वाऱ्यावर सोडणारा मेंढपाळ खुळाच. लिहिणाऱ्याने कधी मेंढरू जवळून पाहिलंय का?' मतभेद असू द्या, पण ओळखदेख नसताना हा सूर कशाला?

एक चूक कबूल. मी 'डोंगरावर सोडून' लिहिलं, ते बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायातलं. मी ज्यावर लिहिलं त्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायात रान आहे. दुरुस्ती केली.

आता मेंढराचं. माझं लहानपण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात गेलं. पिकं निघाली की ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, आमच्या वावरात बसायचा. लेंडीखत आम्हाला, बाजरी त्यांना. एका संध्याकाळी मोजणीत एक मेंढी कमी भरली. म्हातारा न जेवता बॅटरी घेऊन नाल्याकडे निघाला. बाकीची मेंढरं वाऱ्यावर होती का? वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली होती, बायको-पोरं होती, कुत्री होती. कळप एकट्याने राखत नाहीत, हे मेंढरांची एवढी माहिती असलेल्या माणसाला मी सांगायला हवं?

तो पहाटे आला. मेंढी मानेवर, चारही पाय छातीशी धरलेले, लोकरीत बाभळीचे काटे आणि त्याच्या मानेवर ओरखडे. लांबूनच ओरडला, "सापडनी वं, सापडनी!" निजलेला अख्खा वाडा उठवला. आमच्या आईकडे गूळ मागून सगळ्यांना चहा पाजला, मलाही. लूकमधला मेंढपाळ घरी येऊन मित्रांना, शेजाऱ्यांना बोलावतो, 'माझ्याबरोबर आनंद करा' म्हणतो, ते वाचताना मला तोच चहा आठवतो. एका पाप्याने पश्चात्ताप केला तर स्वर्गात असा आनंद होतो, असं येशू सांगतो. मी त्या आनंदावर लिहिलं आणि तुम्ही नव्याण्णवांचा हिशेब मागत बसलात. जकातदारांबरोबर, पाप्यांबरोबर येशू जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री हे यहुदी धर्मपुढारी कुरकुरत होते, त्यांनाच हा दाखला सांगितला होता. तुमची कुरकुर त्याच जातीची आहे. राग आला तरी हेच म्हणेन.

त्याच अध्यायातल्या दुसऱ्या दाखल्यात पैसा उधळून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी करतो; त्या उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावावर अन्याय वगैरे जे लिहिलंत, त्यात मी पडत नाही. 'जे माझं ते सगळं तुझंच' असं बाप थोरल्याला म्हणतो. 31वं वचन वाचा, संपलं.

आणि जवळून म्हणाल, तर त्या मेंढीच्या डाव्या कानाला चीर पडली होती. पुढच्या वर्षी वाडा आला तेव्हा शेदीडशे मेंढरांत मी तिला लांबूनच ओळखलं.