स्टीलच्या टोपीखाली बोटं वाचली, घोट्याचं काय?

रायडिंग बूट कसे निवडावेत यावर मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया आली. थोडक्यात ती अशी: "हे सगळं मार्केटिंग आहे, तुम्ही लोकांना घाबरवून पादत्राणं घ्यायला लावता. मी 16 वर्षं स्टील टोचे (बोटांवर स्टीलची टोपी असलेले) सेफ्टी शूज घालून गाडी चालवतोय, पाय शाबूत आहेत. तुमचे ते ताठ बूट घातले की मागचा ब्रेक किती दाबला तेच कळत नाही, म्हणजे अपघात टाळायच्या नादात ओढवून घ्यायचा. आणि 'एक नंबर मोठा घ्या' हा सल्ला तर सपशेल चुकीचा आहे."

उत्तर दोन ओळींत द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं.

आधी शेवटचा मुद्दा, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. एक नंबर मोठा घ्या असं मी लिहिलं, ते जाड मोजे डोक्यात ठेवून. लिहिताना एवढं साधं सुचलं नाही की बुटात घोट्यासाठी जी कडक वाटी असते ती घोट्याच्या हाडावरच बसायला हवी. बूट मोठा झाला की टाच आत वर-खाली होते, वाटी हाडावरून सरकते आणि पडताना बूट एका दिशेला, पाय दुसऱ्या दिशेला जातो. चामडं वापराने रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. त्यामुळे 'पुढे सैल होईल' आणि 'आत कापूस घालू' हे दोन्ही हिशेब चुकतात. टाच घट्ट धरलेली हवी आणि बोटं आत मोकळी हलायला हवीत. पाय दिवसभरात फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून बघा, आणि गाडीवर जे मोजे घालणार तेच घालून. मूळ लेखातलं ते वाक्य काढून टाकलं आहे.

आता सेफ्टी शूज. ते वाईट आहेत असं मी कुठेच म्हटलेलं नाही, ते दुसऱ्या कामाचे आहेत. आयएसओ 20345 या मानकानुसार त्यांच्या टोकातल्या टोपीला 200 जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे ढोबळमानाने 20 किलोचं वजन एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं चिरडता कामा नयेत. कारखान्यात, गोदामात वस्तू वरून पडते, तेव्हा हे हवंच. मोटरसायकल मात्र वरून पडत नाही. ती कुशीवर कलंडते आणि पाय तिच्या नि जमिनीच्या मध्ये सापडतो. तेव्हा जोर येतो तो घोट्यावर, टाचेवर आणि चवड्याच्या रुंदीवर. बोटांची पाळी बऱ्याचदा शेवटी येते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मीही काही वर्षं तुमच्यासारखेच शूज घालत होतो. एकदा मोकळ्या खडीवर गाडी वळवत होतो, वेग जवळजवळ शून्य. डावीकडे तोल गेला म्हणून पाय टेकवायला गेलो, तर पाय येईना. नाडीच्या गाठीचा फास गिअर लिव्हरच्या टोकात अडकला होता. फार तर एका सेकंदाची गोष्ट. गाडी सावकाश, अगदी निवांतपणे आडवी झाली. फास तुटला, पण तोवर चवडा खडीत रुतला होता, टाच फूटरेस्टखाली दाबली गेली होती आणि गुडघा अजून बाहेरच्या दिशेला चालला होता. मधलं सगळं घोट्याने सोसलं. घरी येऊन बूट काढले तर टोकावर ओरखडासुद्धा नाही, स्टीलची टोपी नव्यासारखी. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र शिवण दोन बोटं उसवलेली. सहा आठवडे लंगडत होतो, आणि तेही हाड मोडलं नाही म्हणून.

(स्टीलची टोपी वाकून बोटं छाटते, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती मी खरी धरत नाही. टोपी वाकवण्याएवढा भार आला तर टोपीविना बोटांचं काय झालं असतं याचा विचार करा.)

घोटा मुळात पाऊल वर-खाली करायला बनलेला सांधा आहे. आडव्या झुकण्याला आणि पिळाला त्याच्याकडे फार थोडी सूट असते, ती संपली की हाडांना जोडणारे अस्थिबंध (लिगामेंट) ताणले जातात, मग फाटतात. चांगला रायडिंग बूट काय करतो, तर वर-खाली हलू देतो आणि बाजूला वळण्याला अडवतो. माझ्या लेखी बूट निवडण्यातली निम्मी गोष्ट इथेच संपते. चामडं कुठलं, रंग कुठला, बक्कलं किती, ते सगळं नंतर.

'मार्केटिंग' या शब्दाबद्दल. बुटावर काय छापलंय यावर विश्वास ठेवू नका हे मलाही मान्य. म्हणूनच आत शिवलेली पट्टी बघायची. मोटरसायकलच्या बुटांसाठी युरोपात ईएन 13634 हे मानक आहे. त्याच्या 2017 च्या आवृत्तीनुसार तपासलेल्या बुटात मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि त्यासोबत चार आकडे, प्रत्येक 1 किंवा 2. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला किती टिकतो त्याचा, तिसरा धारदार वस्तूने कापलं जाण्याचा आणि चौथा आडव्या दाबाला किती ताठ राहतो त्याचा. पहिल्या आकड्यावरून भांडायचं कारण नाही, 1 म्हणजे बूट आखूड, एवढंच. दुसऱ्यात फरक मोठा आहे: पायाच्या जास्त धोक्याच्या भागावरचं चामडं किंवा कापड फिरत्या घासपट्ट्यावर धरतात, ते आरपार झिजायला 1 साठी किमान 5 सेकंद लागले पाहिजेत, 2 साठी 12.

पण मी सगळ्यात आधी बघतो तो चौथा आकडा. ही चाचणी म्हणजे बूट आडवा धरून दोन पाट्यांमध्ये रुंदीच्या दिशेने दाबायचा. माझ्या पायावर गाडी पडली तेव्हा जे झालं, जवळपास तेच. सेफ्टी शूजच्या टोपीची कसोटी टोकावर होते, त्यामागचा तळ चालताना, उकिडवं बसताना सहज वाकावा म्हणून मुद्दाम लवचीक ठेवलेला असतो. तो त्यांचा दोष नव्हे, गुण आहे, फक्त गाडीखाली तो उलटतो.

या पट्टीतली एक मेख पुष्कळांना माहीत नसते. घोट्यावरच्या आघाताची चाचणी ऐच्छिक आहे. ती पार केली असेल तर आकड्यांजवळ 'आयपीए' अशी अक्षरं असतात, नडगीसाठी 'आयपीएस', पाण्यासाठी 'डब्ल्यूआर'. म्हणजे चारही आकडे 2 असलेला बूट घोट्यावरच्या थेट माराला तपासलेलाच नसेल, असंही होऊ शकतं. तुम्हाला मार्केटिंगचा राग काढायचा असेल तर इथे काढा. मोठ्या अक्षरात 'प्रमाणित' लिहितात आणि काय तपासलं नाही ते पट्टीवर शोधावं लागतं.

आता तुमच्या बाजूने एक पुरावा, जो तुम्ही दिला नाहीत. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या 212 मोटरसायकलस्वारांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात संरक्षक कवच असलेल्या रायडिंग बुटांनी पाय आणि घोट्याच्या जखमेचा धोका निम्म्याच्या आसपास आणला, असं दिसलं. पण त्याच अभ्यासात मोटरसायकलसाठी न बनवलेल्या साध्या बुटांनीही, नेहमीच्या शूजच्या तुलनेत, धोका निम्म्याहून थोडा अधिकच कमी केला. तेव्हा घोटा झाकणारा दणकट बूट, मग तो कुठल्याही कामाचा असो, पळायच्या शूजपेक्षा कितीतरी बरा. मूळ लेखात 'रायडिंग बूट नाही तर काहीच नाही' असा माझा सूर लागला होता, तो मी मागे घेतो. तुमचे सेफ्टी शूज घोट्याच्या वरपर्यंत असतील तर तुम्ही बहुतेकांपेक्षा पुढे आहात. घोट्याखालीच संपत असतील तर नाही.

16 वर्षांचं म्हणाल, तर त्या काळात तुम्ही पडला नसाल तर परीक्षा तुमच्या चालवण्याची झाली, बुटांची नाही.

ब्रेकचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला आणि सगळ्यात जास्त खटकलाही. पटला, कारण मोटोक्रॉसचे (मातीवरच्या शर्यतीचे) बूट घालून रस्त्यावर निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना खरंच पेडल कळत नाही, लाकडी ओंडक्याने दाबल्यासारखं होतं. खटकला, कारण 'ताठ' या एका शब्दात तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. तळ आणि बाजू ताठ हव्यात. घोट्यापाशी पुढे-मागे वाकण्यासाठी मात्र बुटाला जागा हवी: चुण्या, पट्टे किंवा चक्क बिजागरी. ब्रेकवरचा दाब आपण पाऊल खाली करून देतो, ती हालचाल बुटाने अडवली तर बूट चुकीचा आहे. शिवाय नव्या बुटाचा तळ जाड असतो आणि पेडल जुन्या शूजच्या हिशेबाने लावलेलं असतं. बहुतेक गाड्यांवर ब्रेक पेडलची उंची बदलता येते, गिअर लिव्हर दात्यावर एक घर वर सरकवता येतो. दहा मिनिटांचं काम. ते न करता पहिल्याच दिवशी गर्दीत गेलात तर बूट नावडणारच. काही दिवस रिकाम्या रस्त्यावर चालवा, मग मत बनवा. सेफ्टी शूजचं फुगीर टोक लिव्हरखाली घालताना तुम्हाला कधी अडचण आली नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

घेताना मी काय करतो, तेही सांगतो. एका हाताने टाच, दुसऱ्याने टोक धरायचं आणि ओला टॉवेल पिळतात तसा बूट पिळायचा. सहज वळला की परत ठेवायचा. मग टाचेच्या मागची वाटी अंगठ्याने दाबायची, ती आत जाता कामा नये. बूट घालून, सगळं बंद करून, कुणाला तरी टाच धरून जोरात ओढायला सांगायचं. असा निघाला तर घसरत जाताना पहिल्याच कोलांटीत निघेल. मग खुर्चीवर नाही, गाडीवर बसून बघायचं. उभं राहून मस्त वाटणारा बूट गुडघा वाकवला की नडगीला असा टोचतो की तासाभरात काढून फेकावासा वाटतो. नाडीचे बूटही चालतात, फक्त वर झाकण असेल किंवा फास आत खोचता येत असेल तर. बुटाची चेन (झिप) आतल्या बाजूला असलेली बरी, बाहेरची बाजू रस्त्याला घासते.

पाण्याबद्दल एवढंच: जलरोधक अस्तराचा बूट वरून भरला की बादली होतो, म्हणून पँट बुटावरून घ्यायची. आणि वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेले बूट बाहेर काढून थेट लांबच्या प्रवासाला जाऊ नका. पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेत, न वापरताही, हळूहळू कुजतात आणि एक दिवस बिस्किटासारखे भुगा होतात.

तुम्हाला बूट बदलायला लावायचे नाहीत. फक्त तुमचे ते शूज एकदा टाच आणि टोक धरून पिळून बघा आणि किती वळले ते इथे लिहा. माझे खडीवरचे अजून माळ्यावर आहेत. हे लिहायच्या आधी खाली काढून पिळले, टोक जवळजवळ काटकोनात वळलं.